देणगी प्रवेशिका ते सासवडचा पालखीतळ

अबोली

गेल्या वर्षी मे महिन्यात नणंदेने एक देणगी प्रवेशिका हातात ठेवली. अभंगांचा कार्यक्रम, पाचशे रुपये, आणि जमेल तो पैसा आषाढी वारीत काम करणाऱ्या एका छोट्या वैद्यकीय पथकाच्या औषधांसाठी. मला गाणं आवडतं, वन्संना सोबत हवी होती, म्हणून गेले. सेवा वगैरे मनात काही नव्हतं. यंदाची वारी तोंडावर आली आहे आणि इथे बऱ्याच जणांनी 'नुसते पैसे द्यावेत की स्वतः जावं' असं विचारलं होतं, म्हणून वर्षभराने हे लिहायला बसले.

गाणारे कुणी नामांकित नव्हते. एक संगीत शिक्षक, त्यांच्या चार विद्यार्थिनी, पखवाज, टाळ, पेटी. कुणीही मानधन घेतलं नव्हतं. मध्यंतराआधी पथकातल्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं औषधांचं दुकान आहे. त्यांनी पिशवीतून एक चप्पल काढली. टायरचा तळ, अंगठा तुटलेला, सुतळीने आवळून बांधलेला. काही वर्षांपूर्वी सासवडला एका आजींनी ती शिवायला म्हणून तंबूत ठेवली आणि त्या परत आल्याच नाहीत. बाई म्हणाल्या, "त्या पुढे अनवाणी गेल्या की कुणी दुसरी दिली, मला कळलं नाही. दर वर्षी मी ही सासवडला घेऊन जाते." एवढं बोलून त्यांनी औषधांची यादी वाचली. पट्ट्या, जंतुनाशक, क्षारसंजीवनी (ओआरएस), बुरशीचं मलम, साखर तपासायच्या पट्ट्या, तीळतेल. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मध्यंतरात टेबलावर दोन वह्या होत्या, एक देणगीची आणि एक 'येणार असाल तर नाव लिहा' अशी. मी दुसऱ्या वहीत नाव लिहिलं.

का लिहिलं, ते सांगायचं तर आईपर्यंत जावं लागेल. आई लोणंदची. तिच्या माहेरी माऊलींची पालखी मुक्कामाला असते. लहानपणी ती सांगायची की पालखीच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या आणि ओसरीवर कोण कुठल्या गावचं झोपलंय हे कुणी विचारायचं नाही. पुण्यात आल्यावर पालखीच्या दिवशी ती राजगिऱ्याचे लाडू घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची. मी कॉलेजला जायला लागले तशी तिच्याबरोबर जायचं टाळू लागले. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटचे दोन महिने फार वाईट होते. त्यानंतर मी देवघरातला दिवा लावणं बंद केलं. रागाने नाही म्हणता येणार. हात उचलतच नव्हता.

सासवडला आम्ही पालखी यायच्या आधी, सकाळी पोचलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पुणे ते सासवड हा माऊलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, आणि त्यात दिवेघाट चढायचा. त्यामुळे सासवडला येणारे पाय बोलके असतात. आमचा तंबू पालखीतळापासून थोड्या अंतरावर होता. कामं वाटून दिली. डॉक्टर तपासणार, दोघं पट्ट्या बांधणार, औषधवाल्या बाई गोळ्या देणार. मी काय करू विचारलं तर त्यांनी एक घमेलं, मग्गा आणि टॉवेलांचा गठ्ठा दिला. "पाय धुवायचे. बोटांच्या मधलं नीट कोरडं करायचं. चिखलात डॉक्टरांना काही दिसत नाही."

पहिले आले ते सत्तरीचे एक बाबा. खुर्चीवर बसले, मी घमेलं पुढे सरकवलं तसे पाय वर ओढून घेतले. म्हणाले, "तुम्ही लेकीसारख्या. लेकीच्या हातून पाय धुवून घ्यायचे नसतात." मी म्हटलं, बाबा, डॉक्टरांना जखम दिसायला हवी. ते खुर्चीवरून उतरले, खाली मातीत गुडघे टेकले, माझ्या पायांवर डोकं ठेवलं, "माऊली" म्हणाले आणि मगच परत बसून पाय घमेल्यात सोडले.

वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे मला पुण्यात राहून माहीत होतं. पण माझ्या पायांवर कुणाचं डोकं टेकलेलं नव्हतं. मी आयुष्यात कुणाकुणाला मदत केली आहे, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी आत 'मी देतेय' असं असायचंच. त्या दिवशी ते उरलं नाही. बाबांनी आधीच हिशेब बरोबरीचा करून टाकला होता. त्यांच्या टाचेला बोट जाईल एवढी भेग होती. मी ती धुतली आणि मला आईच्या टाचा आठवल्या. रुग्णालयात शेवटी शेवटी मला तिच्या पायांना हात लावायला भीती वाटायची, सगळीकडे नळ्या, सुया. ते राहून गेलं होतं.

रात्री साडेदहापर्यंत पाय धुतले. किती, मोजले नाहीत. दुपारनंतर भुरभुर सुरू झाली, तळाला चिखल झाला. एक बाई नुसत्याच येऊन बसल्या, काही दुखत नव्हतं, दहा मिनिटं टेकून निघून गेल्या. एका देणगीदारांच्या मुलाला वारकऱ्याचा पाय हातात धरून फोटो काढायचा होता. औषधवाल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आधी चार पाय धुवा, मग त्यांना विचारा फोटो चालेल का. त्याने खरंच धुतले, आणि नंतर फोटोचा विषय त्याने स्वतःच काढला नाही.

संध्याकाळी तळावर समाजआरती असते. हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानठळ्या बसतात. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. मग त्या शांततेत हरवलेल्या वस्तू, चुकलेली माणसं यांची नावं पुकारतात. मी ओले हात घेऊन लांबून बघत होते. एवढ्या माणसांची दिंडी थांबते आणि कुणाची तरी पिशवी, कुणाचं तरी म्हातारं माणूस सापडलं का ते आधी विचारते, मग आरती होते. मला हे आजही सांगताना भरून येतं.

परत येताना गाडीत वन्संनी विचारलं, "मग, विठ्ठल भेटला का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि देवघरात दिवा लावला. तेव्हापासून रोज लावते.

ज्यांनी अशी सेवा केली आहे, त्यांनी लिहा. तुम्हाला काय मिळालं, काय खटकलं, दोन्ही.

प्रतिसाद : मोगरा

अबोलीताई, दोनदा वाचलं. आईच्या पायांचं वाचून थांबावं लागलं. माझे गुडघे गेलेले आहेत, तळावर बसून काम होणार नाही. माझ्यासारखीला करण्यासारखं काही असतं का?

प्रतिसाद : प्रश्नचिन्ह

लेख मनापासून आहे, त्याबद्दल शंका नाही. मी श्रद्धाळू नाही, पण वारीबद्दल आदर आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत, राग मानू नका.

एक, पाचशेच्या प्रवेशिकेतले औषधांपर्यंत किती पोचले? सभागृह, ध्वनिव्यवस्था, छपाई, चहा. अशा मदतनिधीच्या कार्यक्रमांना मी गेलो आहे आणि एकदा तर आयोजकांनी नंतर हिशेब मागणाऱ्यांचे फोन उचलणं बंद केलं. दोन, शुद्ध पाणी, शौचालय, दवाखाना ही शासनाची जबाबदारी आहे. भाविकांनी स्वतःच ते करत राहिलं तर मागणी कोण करणार? तीन, पाय काय, कुणाचेही धुता येतात. ऊसतोडीच्या फडावर जा, वीटभट्टीवर जा. तिथले पाय कुणी धुवायला जात नाही, कारण तिथे विठ्ठल नाही. ही मला श्रद्धेतून येणाऱ्या सेवेची मर्यादा वाटते.

प्रतिसाद : हिशेबनीस

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

कार्यक्रमाची प्रवेशिका घेण्याआधी विचारा की संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे आणि नोंदणी क्रमांक पावतीवर असायला हवा. जे लोक तो सांगायला खळखळ करतात त्यांना नमस्कार करून पुढे व्हावं. करसवलतीचं म्हणाल तर कलम ८०जी ची पावती मिळते, पण रोख २००० रुपयांवरच्या देणगीला सवलत नाही आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर या कलमाचा फायदाच मिळत नाही. प्रवेशिकेच्या बदल्यात तुम्ही कार्यक्रम बघता, त्यामुळे ती रक्कम निव्वळ देणगी धरता येईलच असं नाही. वेगळी देणगी वेगळ्या पावतीवर द्या.

आणि एक माझं मत. खर्च शून्य असल्याचं सांगणाऱ्या कार्यक्रमापेक्षा खर्च लिहून दाखवणारा कार्यक्रम मला जास्त भरवशाचा वाटतो. सभागृह फुकट मिळालं असेल तर कुणीतरी ते भाडं भरलंय, त्याचंही नाव हिशेबात यायला हवं.

प्रतिसाद : अबोली

मोगराताई, तुमचं उत्तर शेवटी देते, विसरले नाही.

प्रश्नचिन्ह, राग कशाला? पहिल्या प्रश्नाबद्दल खरं सांगते, प्रवेशिका घेताना मी काहीच विचारलं नव्हतं. हिशेब नंतर बघितला. सभागृहाचं भाडं एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ भरलं होतं आणि तसं लिहिलं होतं. ध्वनिव्यवस्थेचे पैसे जमलेल्या रकमेतून गेले. उरलेल्याची औषधं आली, त्यांची बिलं फाईलला होती. वारीनंतर उरलेल्या औषधांची यादीही. यंदा मी स्वतः त्या फाईलवर बसले आहे, त्यामुळे तुमच्यासारख्यांचे फोन मी उचलेन.

दुसरा प्रश्न रास्त आहे. शासनाचे दवाखाने, रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर वाटेवर असतात, आम्ही गंभीर रुग्ण त्यांच्याकडेच पाठवतो. आम्ही नसतो तर दवाखाना नसता असं मुळीच नाही. पण भेगेत माती गेलेला पाय घेऊन माणूस दवाखान्याच्या रांगेत उभा राहत नाही, तो तसाच पुढे चालतो. आमचं काम तेवढ्यापुरतं.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही लिहिल्यापासून ते मनात आहे.

प्रतिसाद : घाटमाथा

मी डॉक्टर आहे, सात-आठ वर्षं वारीत जातो. अबोलीताईंच्या लेखामुळे यंदा बरेच जण उत्साहाने निघतील, म्हणून काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

फोड आला की लोक सुईने फोडतात. फोडू नका. स्वच्छ करून, घर्षण होणार नाही अशी पट्टी लावायची. फारच ताणलेला असेल तर आम्ही निर्जंतुक सुईने पाणी काढतो, पण वरची कातडी तशीच ठेवतो, तीच खरी पट्टी. बोटांमधल्या चिखल्या ही पावसाळी वारीतली सगळ्यात मोठी तक्रार. मलमापेक्षा कोरडेपणा जास्त काम करतो, म्हणून त्या औषधवाल्या बाईंनी टॉवेल दिले ते अगदी बरोबर.

मधुमेह असणाऱ्यांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात पाय बुडवायला सांगू नका. पायाची संवेदना गेलेली असते, भाजलेलं कळत नाही. पोटरीत वांब आला तर हलका ताण देऊन चोळा, पण एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मालीश अजिबात करायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. आत रक्ताची गुठळी असू शकते. सेवेच्या भरात ही चूक होते.

क्षारसंजीवनीची पाकिटं संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. छोटा चमचा, चहाचा. मीठ 'अंदाजे' टाकू नका.

सगळ्यात धोकादायक काय असेल तर कुणीतरी प्रेमाने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या. उन्हात चालून शरीरातलं पाणी कमी झालेलं, पोट रिकामं, वय पासष्ट, आणि वर दोन-दोन गोळ्या. मूत्रपिंडावर येतं. गोळ्या वाटायच्या असतील तर डॉक्टरच्या हातून. घरातल्या उरलेल्या, अर्ध्या पट्ट्या आणून देऊ नका, त्या निवडून टाकण्यात आमची रात्र जाते.

प्रतिसाद : सातारी कंदी

फार उपयुक्त. घाटमाथा, तुमचा प्रतिसाद कुटुंबाच्या गटावर पाठवू का? मामा यंदा पहिल्यांदाच चालणार आहेत, साखर आहे त्यांना.

प्रतिसाद : घाटमाथा

जरूर पाठवा. मामांना नवी चप्पल किंवा नवे बूट घालून निघू देऊ नका. महिनाभर वापरलेली जोडीच हवी. आणि रोज रात्री त्यांच्या तळव्यांवर दुसऱ्या कुणाची तरी नजर पडायला हवी.

प्रतिसाद : पाऊलवाट

मी परभणी जिल्ह्यातला, अकरा वर्षं दिंडीत चालतो. आधी वडील चालायचे. तुम्ही सेवा करणारे आहात, मी सेवा घेणारा, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो.

पहिलं, त्या चपलेचं. ताईंना सांगा, जिवाला लावून घेऊ नका. दिंडीचा ट्रक असतो, त्यात आमच्या वळकट्या, पातेली आणि प्रत्येकाची जादा जोडी असते. आजीने तुटकी तुमच्याकडे ठेवली आणि ट्रकमधली काढली असेल. दिंडी हलली की चपलेसाठी मागं कोण थांबतं? शंभरातल्या नव्वद वेळा असंच असतं.

बाबांनी पाया पडून मग पाय धुवू दिले, ते आमच्यात साधं आहे. समोरच्यात माऊली बघायची आणि मग त्याच्याकडून घ्यायचं. नाहीतर घेतलेलं अंगावर राहतं. ताईंना ते इतकं लागलं हे वाचून मला माझ्याच वारीबद्दल काहीतरी नवं कळलं.

आता खटकणारं. पुण्यात आम्हाला इतकं मिळतं की हातात मावत नाही. केळी, बिस्किटं, रेनकोट, टोप्या, पिशव्या. केळ्याच्या सालींवरून माणसं घसरतात. फलटणच्या पुढं, बरड, नातेपुते, माळशिरस अशी वाट लागली की देणारे विरळ होतात, आणि पायांची खरी दशा तेव्हाच होते. ज्याला सेवा करायची त्यानं तिकडं यावं. दुसरं, बायांचे हाल. आडोसा नसतो म्हणून आमच्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग दुपारी चक्कर, संध्याकाळी लघवीची आग. आता फिरती शौचालयं असतात मुक्कामाला, फरक पडलाय, पण दोन मुक्कामांमधल्या वाटेवर अजून अडचण आहे. शेतकऱ्यानं घरामागची मोरी बायांसाठी मोकळी केली तर ती दहा पोती केळ्यांपेक्षा मोठी सेवा. तिसरं, ओले कपडे वाळवायला दोरी आणि छप्पर. कुणाच्या डोक्यात येत नाही.

समाजआरतीचं ताईंनी बरोबर टिपलं. त्यात एक राहिलं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी चोप वर झाला तरी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, तेव्हा टाळ थांबतात. हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी होते. त्यांनी १८३२ च्या सुमारास माऊलींच्या पालखीला ही शिस्त लावून दिली असं आम्ही मानतो. लहानात लहान दिंडीचं ऐकल्याशिवाय आरती पुढं जात नाही.

प्रतिसाद : मोगरा

पाऊलवाट दादा, मोरीचं वाचून गप्प झाले. आमचं शेतघर नातेपुत्याच्या अलीकडे आहे, पालखीमार्गापासून पाच मिनिटांवर. दोन मोऱ्या, एक शौचालय, विहिरीला पाणी. वारीच्या दिवसांत आम्ही कुलूप लावून पुण्याला येतो. यंदा मी तिथेच राहीन.

प्रतिसाद : वसईचा वारा

मी वसईचा ख्रिस्ती. वारीला कधी गेलो नाही, पण 'मी देतेय' हे उरलं नाही, त्या वाक्यापाशी अडखळलो. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामात, संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणारं मंडळ आहे. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. रीत साधी आहे. दोघादोघांनी अडचणीतल्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, काय हवं ते बघायचं. बैठकीत एक थैली फिरते, त्यात प्रत्येकाने मूठ बंद करून हात घालायचा, म्हणजे कुणी किती टाकलं ते दिसत नाही. एखाद्याची ऐपत नसेल तर तो रिकामी मूठही घालतो.

मी एका आजारी काकांकडे चार वर्षं दर रविवारी जायचो. पहिली दोन वर्षं मला वाटायचं मी त्यांना धान्य नेऊन देतो. मग माझी नोकरी गेली आणि कुणाला सांगायची हिंमत नव्हती, ती मी त्यांनाच सांगितली. पुढचे सहा महिने रविवारी ते माझी वाट बघत आणि मी आलो की प्रार्थना म्हणत, माझ्यासाठी. धान्य मी तेव्हाही नेत होतो.

प्रतिसाद : गोदाकाठ

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आम्ही शाळेपासून लंगरमध्ये पोळ्या लाटायला जायचो. शीख नव्हतो, कुणी विचारलंही नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, त्यामुळे लांबून लांबून लोक येतात. मला सगळ्यात भावायची ती जोडे सांभाळण्याची सेवा. मोटारीतून उतरलेली मंडळीही आत जाऊन दुसऱ्यांचे जोडे पुसत बसलेली असायची, मान खाली घालून. आजही गावी गेलो की तासभर तिथे बसतो.

प्रतिसाद : प्रश्नचिन्ह

सगळं वाचलं. पाऊलवाट यांच्या प्रतिसादाने माझं समाधान झालं असं नाही म्हणणार, पण विचार बदलला. घेणाऱ्याने इतकं स्पष्ट लिहिलेलं मी आधी वाचलं नव्हतं.

माझा तिसरा प्रश्न मी सोडलेला नाही. आज त्याच्याबरोबर मला गाडगेबाबा आठवत आहेत. शेणगावला १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस, गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात विचारायचा की कर्ज काढून तीर्थाला का जाता, देवापुढे बकरं का मारता. आणि तोच माणूस पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधतो, कारण दलित वारकऱ्यांना तिथे टेकायला जागा नव्हती. पुढे ती धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा, रोग्याला औषध, अशी त्यांची यादी दादर-परळ भागात कर्करुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत मी स्वतः वाचली आहे. माझ्या वडिलांच्या उपचारांच्या वेळी त्या भागात आम्ही दीड महिना काढला. तिथल्या स्वयंपाकघरात वाढणाऱ्या एक मावशी रोज मला विचारायच्या, "तू जेवलास का?" पेशंटबद्दल सगळे विचारायचे. माझ्याबद्दल त्या एकट्याच.

म्हणून विचारतो. मी नामस्मरण करणार नाही, कपाळाला बुक्का लावणार नाही. खराटा घेऊन आलो तर चालेल का?

प्रतिसाद : पाऊलवाट

या माऊली. आषाढी झाल्यावर पंढरपुरात या, चंद्रभागेच्या वाळवंटात खराट्याला काम कमी पडत नाही. बुक्का लावायला कुणी सक्ती करत नाही.

प्रतिसाद : अबोली

वसईचा वारा, तुमच्या काकांबद्दल वाचून कितीतरी वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही वारीला आला नाहीत म्हणता, पण या वाटेवर परकं कुणी नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंगआरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. कधी यावंसं वाटलं तर कळवा.

चपलेचं मी औषधवाल्या ताईंना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ट्रकमध्ये असेल ना गं जोडी? मला सुचलंच नाही कधी." यंदाही ती चप्पल नेणार का, ते मी विचारलं नाही.

पाऊलवाट दादांचं ऐकून पथकाने एक बदल केला आहे. सासवडला एकच दिवस काम करायचं आणि उरलेली औषधं, माणसं घेऊन बरड ते माळशिरस या पट्ट्यात जायचं. मोगराताई, तुमच्या शेतघराबद्दल पथकात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकदम तुमचा पत्ता मागितला. तो इथे जाहीर लिहू नका, मला निरोप पाठवा. मोरीला आतून कडी नीट बसते का, दिवा आहे का, ते आधी बघून ठेवा. बायांना रात्री कडी लागते. दोरी आम्ही आणू, पन्नास मीटरची गुंडाळी घेतली आहे. गुडघ्यांचा प्रश्न येणार नाही, तुम्ही दारात खुर्ची टाकून बसा आणि येणाऱ्या बायकांना आधी पाणी प्यायला लावा.

प्रश्नचिन्ह, खराट्याआधी एक काम आहे. ऊसतोडीच्या फडाचं तुम्ही लिहिलंत ते मी पथकात मांडलं. घाटमाथा डॉक्टर म्हणाले, हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर एक रविवार जाऊ, पण तिथल्या टोळ्यांशी आधी बोलणारा माणूस हवा. तुमची ओळख असेल तर तारीख तुम्ही ठरवा. घमेली आमच्याकडे आहेत.

या शनिवारी दुपारी तीन वाजता औषधांच्या पेट्या भरायच्या आहेत. येणाऱ्यांनी नखं कापून या, आणि जुने सुती टॉवेल असतील तर उकळून, उन्हात वाळवून आणा. गेल्या वर्षी संध्याकाळी सहालाच कोरडे टॉवेल संपले होते.